पर्यायी सोय

१३ मार्च २०१६, रविवार

कुरियनसाहेबांनी आज आम्हा सगळ्या सुपरवायझरांना एकेक डायरी दिली. रोज काय पाहिलं ते इंग्रजीत लिहायचं. तिथे त्यांना हवं तेवढंच लिहीन. ही वही दुसरी. माझ्या मुलीच्या, आकांक्षाच्या, नववीच्या वहीची कोरी पानं उरली होती, ती माझ्यासाठी. ऑफिसच्या डायरीत 'आज फार उकडलं' एवढंसुद्धा लिहिता येत नाही, त्याला आकडा लागतो.

काम असं आहे : मस्कतला लाइट रेल आणायची की आहेत त्या बसगाड्याच वाढवायच्या, यावर आमच्या कन्सल्टन्सीने सरकारी खात्याला अहवाल द्यायचा. दोन्ही एकदम परवडणार नाहीत, असं खात्याने आधीच सांगून ठेवलंय. लाइट रेलला ऑफिसात सगळे ट्रामच म्हणतात. ट्राम हायवेच्या कडेने धावणार. बस आत वस्त्यांतून फिरते. माझ्या वाट्याला मवालेह ते घुब्रा ही बस आलीय, जानेवारीपासून प्रयोग म्हणून सुरू केलेली. तीन आठवड्यांत चारशे प्रवाशांचे फॉर्म भरायचे.

ट्राम ठरली तर डिझाइनचं काम आमच्याकडेच येणार, म्हणजे ऑफिसला पाच वर्षं मरण नाही. बस ठरली तर अहवाल दिला की खलास. माझं काँट्रॅक्ट मेमध्ये संपतं आणि आकांक्षा एप्रिलपासून दहावीला. हे मी कोणाजवळ बोललो नाही. सर्व्हेवाल्याने मोजावं, मत देऊ नये.

१५ मार्च, मंगळवार

पहाटे पाचपासून मवालेहच्या भाजीबाजारामागच्या स्टॉपवर. स्टॉप म्हणजे एक खांब. आडोसा नाही. पहिल्या बसला बेचाळीस माणसं : माळी, प्लंबर, हॉटेलात भांडी घासणारे, आणि बायका सात. मोजायला मला आवडतं. माणसं मोजायला लागलं की आपल्या डोक्यातलं बाकी सगळं गप्प होतं.

फॉर्मवर बारा प्रश्न. दुसरा प्रश्न, कुठे काम करता, मालकाचं नाव काय. हे कुरियनसाहेबांना नकाशासाठी लागतं. सातवा, ही बस नसेल तर कामावर जायची पर्यायी सोय आहे का, होय किंवा नाही. घोडं या सातव्यावर अडलं. यूनुस म्हणून दापोलीकडचा एक बाजारात हमाली करतो. स्टॉपवरची अर्धी माणसं त्याच्याच खोल्यांमधली, तोच त्यांचा पुढारी. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, वर अर्बाबचं नाव घातलंत. आता खाली 'सोय नाही' लिवणार? उद्या हा कागद त्याच्याकडं गेला तर तो काय म्हणंल? मग तू येणार कसा? थांब, दुसरा माणूस बघतो."

मी म्हटलं, कागद मालकाकडे जात नाही.

"पासपोर्टपण त्यांच्याकडं जाणार नवता," यूनुस म्हणाला.

हे मला कळायला हवंच होतं. तेरा वर्षं मीसुद्धा इथे कंपनीच्या कुठल्याही फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात 'काही नाही' एवढंच लिहीत आलोय. मग मीच सगळ्यांना सांगितलं, होय लिहितो, घाबरू नका. लोक खूश झाले. एकाने मला संत्रं दिलं.

१८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी हवाबीचाचीकडे गेलो. चाची आमच्या खाडीपलीकडच्या गावची. २००३ साली मी एकटा आलो तेव्हा रुवीच्या मेसमध्ये तीच भाकऱ्या भाजायची, आणि तिच्या हातची पहिली भाकरी खाऊन मी ताटावर रडलो होतो, असं ती माझ्या बायकोला, शीलाला, अजून सांगते. आता घुब्ऱ्यात एका दातांच्या दवाखान्यात झाडलोट करते. डॉक्टर यायच्या आत, साडेसहाला, फरशी कोरडी लागते. घुब्ऱ्यातली तिची जुनी खोली पाडली तेव्हा मवालेहची ही खोली मीच शोधून दिली. म्हटलं, चाची, बस सुरू झालीय, दारातून दारात जाशील.

तिचाही फॉर्म भरला. ती बसनेच जाते म्हटल्यावर हिशेबात धरायलाच हवी. सातव्याला मी विचारलं तर सरळ म्हणाली, "नाय रे धनू, दुसरी कंची सोय? पहाटेच्या टॅक्सीत मी एकटी बाई बसू काय?"

तिला समजावलं की मालकाचं नाव वर आहे, 'नाही' लिहून नसती बला कशाला? मी 'होय' लिहितो. ती हसली. "लिव बाबा. तू लिवशील ता खरा." आणि तिने अंगठ्याशेजारी चंद्रकोरीसारखी सही केली. सही तेवढी तिला येते.

तिची मुलगी समरीन रत्नागिरीला नर्सिंगला आहे, शेवटचं वर्ष. ते पुरं होईपर्यंत मस्कत सोडायचं नाही, असं चाचीने ठरवलंय. एकच वर्ष राहिलंय, पुढच्या उन्हाळ्यात चाची सुटेल.

३१ मार्च, गुरुवार

एकूण फॉर्म ४१२. सातव्याला 'होय' ३७१, म्हणजे नव्वद टक्के. उरलेले एकेचाळीस बहुतेक विद्यार्थी आणि दोन पाकिस्तानी सुतार, ते कोणाला भीत नाहीत. कुरियनसाहेबांना आकडे दिले. त्यांनी दोनदा विचारलं, नव्वद? मी म्हटलं, नव्वद.

२६ एप्रिल, मंगळवार

अहवालाचा मसुदा आज वाचला. पाचव्या प्रकरणात एक अख्खं पान सातव्या प्रश्नावर आहे. आतल्या मार्गांवरच्या प्रवाशांचं बसवाचून अडत नाही, नव्वद टक्क्यांकडे दुसरी सोय आहे, म्हणून हे मार्ग बंद करून त्या गाड्या हायवेवर लावाव्यात, म्हणजे हायवेवर गर्दी तयार होईल आणि तीच उद्या ट्रामला मिळेल.

मला वाटलं होतं सातवा असाच भरतीचा प्रश्न आहे. फॉर्म बाराचा व्हावा म्हणून घातलेला.

कुरियनसाहेबांकडे गेलो. म्हटलं, ही माणसं गरीब आहेत, सोय असते असं नाही, माणूस म्हणतो. त्यांनी खुर्ची दिली. माणूस वाईट नाही. तिरुवल्लाचे, चर्चमध्ये गातात. म्हणाले, "धनंजय, बस के लिए कोई अपना गाडी नहीं छोडता. पटरी डालो, फिर देखो. लोग पटरी देख के घर लेता है. ये शहर सौ किलोमीटर लंबा हो गया, बस से कब तक चलेगा?" यात खोटं काय आहे? मला ट्राम खरंच हवीय. आकांक्षाने ट्रामने कॉलेजला जावं असं मला वाटतं. मी मसुदा घेऊन जागेवर आलो.

फॉर्म मीच भरले, हे सांगायचं राहून गेलं.

९ मे, सोमवार

काँट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढलं. कुरियनसाहेबांनी शिफारशीत 'अचूक आणि प्रामाणिक' असं लिहिलंय. शीलाने शिरा केला. मी दोनदा घेतला.

१४ जून, मंगळवार

रमजानचा दुसरा आठवडा. ऑफिस दोनलाच सुटतं. मवालेहच्या खांबावर अरबी आणि इंग्रजीत नोटीस लागली आहे, ईदनंतर बस बंद. यूनुसने फोटो पाठवला आणि विचारलं, भाऊ, यात काय लिहिलंय? मी फोनवर सांगितलं. बस कधीपासून बंद ते त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "आपण तर सगळं चांगलंच लिवलं व्हतं ना?"

मी हो म्हटलं.

१० जुलै, रविवार

आजपासून बस बंद. मी सकाळी मुद्दाम तिकडून गेलो नाही. बाजाराची पिकअप आहे, यूनुस लोकांची काहीतरी व्यवस्था करील. ही माणसं हुशार असतात, आपण उगीच त्यांची काळजी करतो.

२२ जुलै, शुक्रवार

चाची आमच्याकडे जेवायला आली होती. शीलाने मुद्दाम बांगडे आणले होते. चाचीच्या पायात पुरुषी खेळाचे बूट, तेही मोठे. पाय सुजलेत. मी म्हटलं, चाची, साखर तपासून घे, आता वय झालं. हो म्हणाली. जेवता जेवता बसल्या जागी तिचा डोळा लागला, हातात घास तसाच. आकांक्षाला हसू आलं आणि ती म्हणाली, "आजी इज स्लीपिंग." शीलाने तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी उठून आत गेली.

चाचीला मी गाडीने सोडलं. वाटेत म्हटलं, यूनुसच्या पिकअपने जातेस ना? ती म्हणाली, "होय होय, तू नको काळजी करू." मला हायसं वाटलं.

२४ जुलै, रविवार

परवा रात्रीपासून शीला बोलत नव्हती. आज सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "पिकअप चार वाजता बरक्याच्या बाजूला जाते. घुब्ऱ्याकडे नाही. चाची बस धरायला हायवेपर्यंत चालत येते. तीन किलोमीटर. आणि परत. तिने मला सांगितलं, तुम्हाला सांगू नको म्हणाली."

बाहेर पहाटेसुद्धा पस्तीस डिग्री असते.

ऑफिसात पोचल्यावर तडक कुरियनसाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. फॉर्मवर मीच 'होय' लिहिलं. लोक घाबरले होते. एका बाईने तर 'नाही' सांगितलं होतं, तरी मी बदललं. साहेबांनी चष्मा काढला. कपाटातून एक गठ्ठा काढून समोर ठेवला. "साइन किसका है?"

माझी.

"एक फॉर्म गलत बोलेगा तो चार सौ बारह गया. रिपोर्ट गया. पहले तुम जाएगा, फिर मैं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ट्राम आने दो. वो औरत भी उसी में बैठेगी."

ट्राम यायला पाच वर्षं. चाची अठ्ठावन्नची आहे. पण हे मी तिथे म्हणालो नाही, घरी येताना गाडीत मोठ्याने म्हणालो.

२७ जुलै, बुधवार

खात्याला पत्र लिहिलं. दीड पान. सगळं खरं लिहिलं, नाव घालून सही केली. शीलाला दाखवलं. तिने सबंध वाचलं, घडी नीट केली आणि म्हणाली, "आकांक्षाची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे. तेवढी होऊ दे." मला वाटलं होतं ती म्हणेल, पाठवा. ती म्हणाली असती तर पाठवलं असतं का, हे मला ठाऊक नाही. पत्र बॅगेत आहे. मला माझी लाज वाटते. ती लिहून टाकल्याने थोडी कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

११ ऑगस्ट, गुरुवार

चाचीची नोकरी गेली. या महिन्यात चार वेळा उशीर झाला. चौथ्या वेळी डॉक्टर आले तेव्हा फरशी ओली होती आणि एक पेशंट घसरता घसरता वाचला. दवाखान्याच्या गल्लीतच राहणारी दुसरी बाई त्यांनी ठेवली. व्हिसा रद्द करून तिकीट काढून दिलं. मी दवाखान्यात जाऊन मॅनेजरला भेटलो. तो समजुतीने बोलला. म्हणाला, आम्हाला वेळेवर येणारं माणूस हवं, एवढंच.

मी चाचीला रोज सोडायला तयार आहे असं म्हणालो. आता म्हणालो. जुलैत म्हणता आलं असतं. आमच्या घरून, म्हणजे घुब्ऱ्याहून, पहाटे मवालेहला जाऊन यायला चाळीस मिनिटं लागतात. तेव्हा ते मला सुचलंच नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

चाचीला विमानतळावर सोडून आलो. एक बॅग, दोरीने बांधलेलं एक खोकं, वर मार्करने समरीनचं नाव. शीला रडली. चाची तिलाच समजावत होती.

ट्रॉली ढकलताना ती एकटी सापडली. म्हटलं, चाची, तो फॉर्म. मी 'सोय आहे' लिहिलं, त्यावरून बस बंद झाली. मी लिहिलं म्हणून झालं.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू लिवलास म्हणून तर मी बेफिकीर व्हते रे. धनूने सोय लिवलान, म्हणजे त्यांनी काय तरी गाडीबिडी ठरवली असंल. बस बंद झाली तवा पयले चार दीस मी खांबाजवळ हुभी व्हते. वाट बघत. मग म्हटला, इसरला असंल पोरगा. कामात असतंस."

आत जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि सांगितलं, शीलाला ओरडू नको, तिने तुला सांगितलं म्हणून.

चार दिवस. दहा ते तेरा जुलै. मी त्या दिवसांत तिकडून मुद्दाम गेलो नव्हतो.

४ सप्टेंबर, रविवार

ट्राम गेली. तेलाचा भाव पडल्यामुळे खात्याने सगळे मोठे प्रकल्प बाजूला ठेवले. परिपत्रक चार ओळींचं. कुरियनसाहेबांना महिन्याची नोटीस मिळाली. त्यांनी भिंतीवरचा ट्रामचा नकाशा स्वतः काढला, गुंडाळी केली आणि मग ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. शेवटी मला दिली.

मला मात्र ठेवलंय. फाइली बंद करायला एक माणूस लागतो. मार्चअखेरपर्यंत.

शीला म्हणाली, तेलही गेलं, तूपही गेलं. मी म्हटलं, आपलं कुठे गेलं? आकांक्षाची परीक्षा होईल ना. ती आत गेली.

२० सप्टेंबर, मंगळवार

आज खात्यात गेलो, पत्र घेऊन. ट्राम नाही तर निदान बस तरी परत द्या. एक तरुण ओमानी अधिकारी होता, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, फार अदबशीर. आधी कहवा आणि खजूर पुढे केले. हिंदी छान बोलत होता. आमचाच अहवाल त्याने पडद्यावर उघडला आणि पाचव्या प्रकरणातलं पान माझ्याकडे फिरवलं. "भाई, ये आपका ही है ना? नब्बे परसेंट."

पत्र बॅगेतून काढलं. हातात धरलं. त्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, काही नाही, घरचं आहे. आणि परत ठेवलं. मार्चला सहा महिने आहेत.

तोच म्हणाला, "नया सर्वे लाओ. छोटा भी चलेगा. लोगों के पास दूसरा इंतजाम नहीं है, ये दिखा दो, मैं आगे भेजूंगा, इन्शाल्ला." मनापासून म्हणत होता. वाटेत मी खूप दिवसांनी गाडीत रेडिओ लावला.

संध्याकाळी चाचीचा फोन आला. समरीनने कॉलेज सोडलं. खेडला एका दवाखान्यात लागलीय. नर्स म्हणून का, असं मी विचारलं. चाची म्हणाली, "नाय, झाडायला." मग माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

३० सप्टेंबर, शुक्रवार

फॉर्म मी घरीच छापले. नाव नाही, मालकाचं नाव नाही, बारा प्रश्न नाहीत. एकच प्रश्न, मराठीत आणि हिंदीत. जुम्म्याच्या नमाजानंतर सगळे खोल्यांवर असतात, म्हणून दुपारी दोनला मवालेहला पोचलो. यूनुसने लोकांना अंगणात बोलावलं.

मी उभा राहून सांगितलं, हा कागद कोणाच्याही अर्बाबकडे जाणार नाही. गेल्या वेळी मी तुमच्या वतीने खोटं लिहिलं, तो माझा गुन्हा. आज खरं सांगा. 'नाही' म्हणायला घाबरू नका. तुम्ही 'नाही' म्हणालात तर बस परत येईल. यूनुस म्हणाला, भाऊ खरं बोलतोय, खरं सांगा रे.

एकेकाला शांतपणे विचारलं. एक जण सायकलने जातो. चौघांनी मिळून जुनी गाडी घेतलीय. दोघांनी घुब्ऱ्यातलं काम सोडून इथे बाजारातच धरलं. एक हॉटेलवाला आठवडाभर हॉटेलातच झोपतो, शुक्रवारी येतो. मी खोदून खोदून विचारलं. अडचण होते का? होत नाही. उशीर? नाही. अगदी खरं? अल्लाची शप्पथ, भाऊ.

मी यूनुसला म्हटलं, मार्चमध्ये बेचाळीस माणसं चढायची. बाकीचे कुठे आहेत?

"ज्यांची सोय नवती ते गेले ना," तो म्हणाला. "कोण सोहारला, कोण गावाला. बायका तर सगळ्याच गेल्या."

चाचीच्या खोलीत आता बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात पाकिटं भरणारी एक बाई राहते. तिलाही विचारलं. दुकान खालीच आहे, ती चालत जाते.

एकतीस फॉर्म झाले. या वेळी मी एकही उत्तर बदललं नाही. गाडीत बसून बेरीज केली, पुन्हा केली, आणि खात्यातल्या माणसाला द्यायची म्हणून शेवटच्या कागदावर टक्केवारी लिहिली. पर्यायी सोय असलेले प्रवासी : शंभर टक्के. खाली सही केली.